तेजाबात धुतलेल्या खिळी

अकोल्याला आगगाडीतून उतरलो तेव्हा पेटीत पोलादाच्या चार खिळी होत्या. धाकटा भाऊ विष्णू अमरावतीला कापसाच्या गठाणी (गासड्या) दाबायच्या यंत्रावर देखरेखीला. यंत्राची खीळ झिजली म्हणून त्यानं पुण्याहून मागवल्या होत्या.

पुढचा प्रवास बैलगाडीचा. वाटेवर कापसाच्या गाड्यांची ही गर्दी! आमच्या गाडीवानानं नाल्यातून वाट काढली आणि पेटी धपकन पाण्यात. अमरावतीला पोचेतो खिळी तांबरल्या. भावापुढं गंजलेली वस्तू ठेवायची? छे! एका सोनाराकडून तेजाब (आम्ल) घेतलं नि खिळी, त्या बांधायच्या तारेसकट, दुपारभर त्यात बुडवल्या. काय लखलखल्या म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळी विष्णूनं एक खीळ यंत्रात बसवली. दहा गडी यंत्राचे दांडे फिरवू लागले. गठाण दबत गेली, तसा सगळा जोर त्या खिळीवर येऊ लागला. विष्णू दांड्यांजवळच उभा होता.

शेजारच्या भट्टीवरच्या किसनाजी लोहारांनी उरलेली तार उचलून वाकवली. टचकन मोडली! त्यांनी मोडलेल्या टोकाला थुंकी लावली, तर बारीक बुडबुडे.

"तेजाबात टाकली होती काय?"

"हो. खिळीही."

"मंग काहून (का) नाही सांगतलं? तेजाबाची हवा लोखंडात शिरते. बारीक तारेले पयले धरते, मंग खिळीले. खीळ तुटली तं दांडे उलटे फिरतीन, माणूस मरन!"

दहा गड्यांदेखत माझी चूक कशी सांगू? किसनाजींनी मला ढोसलं तेव्हा कुठं ओरडलो, "विष्णू, मागं हो! थांबवा!"

गड्यांनी दांडे सावकाश उलटे आणले. खीळ काढून ऐरणीवर ठेवली नि किसनाजींनी एकच घण घातला. दोन तुकडे झाले. विष्णूनं दोन्ही तुकडे उचलून पाहिले.

उरलेल्या खिळी किसनाजींनी गरम राखेत पुरल्या. "आमी जाळीची तार तेजाबात धुतली का (की) अशीच राखेत ठेवतो. हवा निघून जाते. घाई काहून करून राहिले तुमी?"

तिसऱ्या दिवशी त्यातली एक घणाखाली वाकली, पण मोडली नाही. काळीकुट्ट दिसत होती.

निघताना विष्णू वेशीपर्यंत आला. म्हणाला, "दादा, किसनाजी तुझ्याशी बोलताना मी पाहत होतो. तू ओरडायला एवढा वेळ का लावलास?"

मी गाडीवानाला निघायला सांगितलं. अकोल्यापर्यंत आणि पुढं आगगाडीतही कारणं जुळवत बसलो. एकही पटेना. घरी पोचल्यावर पाय धुण्याआधी विष्णूला पत्र लिहिलं: लाज वाटली रे, एवढंच.