फ्लॉरेन्सची वही

अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये आम्ही दोघी मैत्रिणी बारा वर्षं शेजारी राहिलो आणि त्यातली सहा वर्षं इटलीला, फ्लॉरेन्सला निघालो होतो. म्हणजे नुसते बेत करत होतो. दोघींच्याही पासपोर्टातला व्हिसा संपलेला. देशाबाहेर गेलं तर परत येण्यासाठी नवा शिक्का मिळेलच याचा भरवसा नाही. म्हणून ठरलं होतं, दोघींची ग्रीन कार्डं आली की जायचं. एकीचं आधी आलं तर तिने दुसरीसाठी थांबायचं. ही अट तिनेच घातली होती.

दर रविवारी तिच्या स्वयंपाकघरात चहा आणि वाद. ती म्हणायची, आधी कॅथेड्रलचा घुमट चढायचा. मी म्हणायचे, आधी जुना पूल, तोही सकाळी लवकर, पुलावरची सोनारांची दुकानं उघडायच्या आत. कॅथेड्रलसमोरच्या बाप्तिस्मागृहाची सोनेरी दारं ही नक्कल आहे, अस्सल दारं म्युझियममध्ये ठेवलीत, हे मी शोधून माझ्या बेतांच्या वहीत लिहिलं तेव्हा तिने मला टाळी दिली होती. मार्चमध्ये ती म्हणाली, "वही दे ना यार, कॉपी करून ठेवते." मी दिली.

मे महिन्यात ती, नवरा आणि मुलगी असे सगळे दहा दिवस चँडलरला तिच्या दिरांकडे गेले. निदान मला तरी तसं सांगितलं होतं. मी वेड्यासारखी रोज जाऊन तिच्या तुळशीला पाणी घालत होते.

ते परतले त्या शनिवारी तिने आम्हाला जेवायला बोलावलं. मी पुऱ्या लाटत होते. तिची दहा वर्षांची मुलगी धावत आली. "मावशी, यू वेअर राइट! द रिअल डोअर्स आर इन द म्युझियम!"

लाटणं हातात तसंच राहिलं. मैत्रीण तळता तळता थांबली.

"कार्ड कधी आलं?" मी विचारलं.

"ऑक्टोबरात," ती म्हणाली. "तुला वाईट वाटलं असतं गं, म्हणून नाही बोलले. तुझं अजून किती वर्षं पेंडिंग राहील, कोण सांगणार?"

ऑक्टोबर! म्हणजे सगळा हिवाळा ही बाई माझ्यासमोर बसून घुमट आधी की पूल आधी, असं भांडत होती, आणि मीही गळ्याच्या शिरा ताणून पुलाची बाजू लढवत होते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मला इतका संताप आला की रडूच फुटेना.

तिने पीठ लागलेला माझा हात धरला. "तुझं कार्ड आलं ना, की आपण दोघी जाऊ. मला आता सगळे रस्ते पाठ आहेत. मी तुला सगळं नीट दाखवेन."

मी हात सोडवून घेतला. दाखवणारी कुणी मला नकोच होती. दोघींनी पहिल्यांदाच, एकदम, मान वर करून तो घुमट बघायचा होता. आता माझं कार्ड उद्या आलं तरी ते होणार नव्हतं.