कांजूरमार्गचं लांब डावं वळण

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. नवरात्र संपत आलं तेव्हा कोल्हापूरहून रात्रीची बस धरली आणि सकाळी मानखुर्दला उतरलो. एक चप्पल बसमध्येच राहिली. मागं वळलो तोवर बस गेली होती.

सून वैशाली न्यायला आली होती. ती मुलुंडला राहते, लॅबमध्ये रक्त तपासते. माझा मुलगा विजय दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. त्याची दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार तिनं विकली नाही. इंजिन त्यानं स्वतः जुळवलेलं, क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, हातानं घासून आरशासारखा केलेला. दर दसऱ्याला तो कांजूरमार्गच्या शर्यतीत ही गाडी पळवायचा. यंदा वैशाली पळवणार होती.

"मामा, एकाच पायात चप्पल? नवीन फॅशन काय?"

"गप गाडी चालव."

पुलावर चढणाऱ्या गोल रस्त्यावर तिनं गाडी जोरात घातली. वळण संपता संपेना, आणि तेलाचा लाल दिवा लुकलुकला. सरळ रस्ता लागल्यावर विझला.

"हे कधीपासून?"

"नवे टायर घातले ना, तेव्हापासून."

आपल्याकडच्या पोरांसाठी सांगतो. इंजिनाखाली तेलाचं चेंबर असतं. ताटात पातळ आमटी घेऊन गर्रकन वळा, आमटी कडेला धावते. तसंच हे. गाडी डावीकडे वळली की तेल उजव्या भिंतीवर चढतं, मधली गाळणी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. क्रँक ज्यात फिरतो ते बेअरिंग कोरडं पडायला दोन श्वास पुरतात. साधा टायर आधी घसरतो, म्हणून इंजिन वाचतं. हे चिकट टायर रस्ता सोडत नाहीत.

घाटकोपरला गॅरेज डोंगराच्या उतारावर आहे, वर घरांवर घरं चढलेली. विजयचा भागीदार शशी कांबळी, मालवणचा गडी. त्यानं आधी आंबोळ्या (तांदूळ-उडदाची जाड घावनं) आणि काळ्या वाटाण्याची उसळ पुढ्यात ठेवली, मग स्वतःच्या चपला दिल्या.

"घाला अण्णा. पण पळवू नका हां, एकच जोड आसा."

खाऊन उठलो. खंडेनवमी होती. भिंतीशी पाट मांडला, विजयचे पाने, हातोडे, वेल्डिंगचं हँडल, सगळं पुसून ओळीनं ठेवलं, हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. आमच्या घरात नवमीला बसलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं वाटल्याशिवाय उठत नाही. माझ्या बापानं उचललं नाही, मीही नाही.

दुपारी कांबळी पत्र्याच्या कापलेल्या पट्ट्या घेऊन आला. चेंबरात गाळणीभोवती चार भिंती, प्रत्येक भिंतीला आत उघडणारी झडप. तेल आत येईल, वळणावर बाहेर पळणार नाही.

"फक्त वेल्डिंग रवला. हँडल घेतंय."

"हात लावायचा नाही."

"अण्णा, उद्या सकाळी शर्यत आसा!"

"अर्धा लिटर तेल जास्त घाल. कोल्हापूरच्या गॅरेजात आम्ही जन्मभर तेच करत आलो."

"जास्त घातला तर क्रँक तेल घुसळतलो. फेस येतलो. फेसावर बेअरिंग जगतला काय?"

मी पाटापुढून हललो नाही. कांबळीनं वैशालीकडे बघितलं.

"राहू दे काका," ती म्हणाली. "मामांचं मन मोडायला नको. लांब वळणावर मी ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडेन."

अर्धा लिटर तेल मीच ओतलं.

शर्यतीची जागा म्हणजे बंद कारखान्याचं सिमेंटचं आवार. वारा फिरला की कचराभूमीचा वास थेट घशात. नारिंगी कोन मांडून वळणं केलेली. सगळ्यांत वाईट वळण पाण्याच्या टाकीभोवतीचं. लांब, डावं, संपतच नाही.

पहिल्या दोन फेऱ्या तिनं तिथं पाय सोडला. तिसऱ्या फेरीला टाकीमागून आवाज आला. ठक. ठक. ठक. मग इंजिन बंद.

आम्ही पळत गेलो. ती स्टिअरिंग धरून बसली होती.

"पाय सोडला होता मी," ती म्हणाली. "मामा, खरंच सोडला होता."

कांबळीनं तेलाची काठी उपसली. दुधासारखा फेस होता आणि फेसात बेअरिंगचे पितळी कण चमकत होते. ती काठी त्यानं तशीच माझ्या हातात दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी ओढून घाटकोपरला आणली. सोनं वाटायला संध्याकाळ व्हायची होती. मी पाटावरचा झेंडू बाजूला सारला आणि पाना उचलला. वैशालीनं माझा हात धरला.

"मामा, आता कशाला? आता काय घाई आहे?"

मी हात सोडवून गाडीखाली गेलो. इंजिन उतरवेपर्यंत दिवस मावळला. विजयनं आरसा केलेल्या क्रँकवर नख अडकेल असे चरे पडले होते.

पोरांनो, चिकट टायर घ्याल तर आधी चेंबरात भिंती घाला. दिव्यावर भरवसा ठेवू नका. तो लागतो तेव्हा सांगायला उशीर झालेला असतो. आणि पूजेबद्दल मला कुणी शिकवू नये. हत्यारं आपणहून पाटावर बसत नाहीत, माणूस बसवतो. बसवणारा मी होतो.

क्रँक गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतला आणि परतीच्या बसमध्ये बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापुरात उतरलो तो घरी न जाता सरळ उद्यमनगरात गेलो. ग्राइंडिंगवाल्यानं माप लावलं आणि मान हलवली. विजयनं आधीच शेवटच्या मापापर्यंत घासलेला होता, पुढं घासायला लोखंडच उरलं नव्हतं.

"भंगार आहे, अण्णा."

"मशीनला लाव."

"अहो, उपयोग नाही."

"लाव म्हटलं ना. चरे तेवढे घालव."

त्यानं लावला. तो घासत होता तोवर मी तिथंच उभा राहिलो.