अहवालातले ‘नाही’

विनायकराव इंगोलेसाहेबांची पहिली भेट अमरावतीच्या परिवीक्षा कार्यालयात झाली. गुन्हेगाराला तुरुंगात धाडायचे की चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरी सोडायचे, हे ठरवण्याआधी न्यायालय आमच्याकडून त्याच्या घरची माहिती मागवते. मी पुण्याहून नुकताच रुजू झालो होतो. साहेबांनी विचारले, “वऱ्हाडी समजते काय?” मी ऐटीत “समजते” म्हणालो. त्या ऐटीची आजही लाज वाटते.

दर्यापूरकडच्या एका विधवा बाईंनी भांडणात शेजारणीच्या डोक्यात कळशी घातली होती. गुन्हा कबूल होता, आधीचे काही नव्हते. घरी फक्त सासूबाई. मी त्यांना विचारले, “सुटली तर घरात घ्याल ना?” त्या म्हणाल्या, “काहून नाही घेनार?” काहून म्हणजे का, हे मला ठाऊक नव्हते. ‘नाही घेनार’ एवढेच कानात राहिले आणि तेच मी लिहिले. साहेबांनी विश्वासाने सही केली. बाईंना तीन महिन्यांची कैद झाली.

बाराव्या दिवशी सासूबाई कार्यालयात येऊन उभ्या राहिल्या. “माया सुनेले काहून अंदर टाकलं? म्या तं घेतो म्हनलं व्हतं.” साहेबांनी फाइल मागवली, माझे अक्षर पाहिले आणि थेट बाईंच्या वकिलांकडे गेले. अपिलात स्वतः उभे राहून त्यांनी सांगितले, “चूक माझी आहे. सही माझी आहे.” वरिष्ठांची लेखी समज त्यांच्याच नावाने आली.

बाई सुटल्या त्या दिवशी साहेबांनी मला सोबत नेले. तुरुंगाच्या फाटकाबाहेर येताच बाईंनी सासूबद्दल विचारले, “आत्याबाई खरंच नाही म्हनल्या व्हत्या काय?” कोर्टात वाचलेली ती ओळ उराशी धरून त्यांनी आतले सगळे दिवस काढले होते. साहेब हात जोडून म्हणाले, “नाही वं माय. आमचंच चुकलं.” ते ‘आमचं’ ऐकून मला रडू आवरेना.

परतताना साहेब एवढेच बोलले, “मानसाचं बोलनं त्याच्याच तोंडचं लिहीत जा. शुद्ध मांगून कर.” मांगून म्हणजे नंतर, एवढे मला एव्हाना कळत होते. पुढे अमरावती-अकोल्यातल्या किती तरी नव्या अधिकाऱ्यांना त्यांनी तसे लिहायला शिकवले. साहेबांचे अहवाल वाचताना माणूस समोर बसून बोलतोय असे वाटे.

आपल्या खात्यातल्या मंडळींत अजूनही ‘साहेबांची ती चूक’ म्हणून हा किस्सा हसत सांगितला जातो. साहेबही हसतात. मी इतकी वर्षे गप्प बसून ऐकले, याचाच आज मला धक्का बसतो.

अमृतमहोत्सवानिमित्त साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि त्यांनी माझी चूक आता तरी मला परत द्यावी.