भेगांतून वर आलेले कोळी

मंडळी, आज कुंभारीच्या शिवारात जे पाहिलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शाळेच्या संग्रहासाठी मी कोळी गोळा करतो. गंगव्वांच्या ज्वारीच्या रानात यंदा ऊस लावायचाय. सकाळपासून तिथं वाकून फिरलो, तरी बाटलीत तीनच कोळी.

दुपारी नव्या विहिरीवरचं तेलाचं इंजिन सुरू झालं आणि त्या कोरड्या रानात पहिल्यांदाच पाटाचं पाणी शिरलं. काळ्या मातीच्या भेगा भरल्या आणि त्यांतून कोळी वर आले. शेकडो! कित्येक माद्यांच्या पाठीवर पिल्लं दाटीनं बसलेली, आणि त्या चक्क पाण्यावरून पळत होत्या!

"एवढे होते कुठं?" मी ओरडलोच.

"हितंच की, मास्तर," फावड्यानं पाणी वळवणाऱ्या गंगव्वा म्हणाल्या. "तुमी वरवर बघत व्हता."

मी बाटली उघडली, पण हात पुढं होईना. गंगव्वांनी पाणी दुसरीकडं वळवलं. "जाऊ द्या त्यास्नी बांधावर. ऊस काय पळून जात न्हाय."

शेवटची मादी बांधावर चढेपर्यंत मी चिखलात गुडघे टेकून बघत राहिलो.

तुमच्याकडं कोरड्या रानात पहिल्यांदा पाणी सोडलं, तेव्हा जमिनीतून कोण कोण बाहेर आलं होतं?