मधल्या खोलीतली हवा

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, म्हणून राळेगावात घरोघरी लोकांनी कापूस न विकता खोल्यांमध्येच भरून ठेवला होता. आमच्या मधल्या खोलीतला ढीग आढ्याला टेकला होता आणि त्याच्या पायथ्याशी आईची खाट होती. आईला दमा होता.

आजूबाजूच्या शेतांत लोक कापसाच्या वाळक्या झाडांच्या पऱ्हाट्या जाळू लागले, तेव्हा मी बाबांना मोबाइलवर हवेचा आकडा दाखवला. तो लाल झाला होता.

"बाहेरची हवा खराब दाखवून राह्यली. खिडक्या लावून घ्या," बाबा म्हणाले. फटींतसुद्धा त्यांनी चिंध्या कोंबल्या.

"मले दम लागून राह्यला, खिडकी उघडा ना," आई म्हणायची. आम्ही तिला आकडा दाखवायचो. पण तो आकडा बाहेरच्या हवेचा होता. खोलीत उडणारी कापसाची धूळ मोजायला कोण मेला येणार होता?

भाव आला तेव्हा कापूस गेला. आई त्याआधीच गेली होती.

आता त्या खोलीच्या खिडक्या सताड उघड्या असतात. पण वारा पडलेला असतानाही आढ्याच्या जाळ्यांत अडकलेला कापूस संथपणे हलतो, कुणीतरी श्वास घेत असल्यासारखा.