देव्हाऱ्यातली पट्टी

यतीन प्लॅस्टिकमध्ये ग्राफीन मिसळायचा, म्हणजे कागदाहून लाखपट पातळ असे कार्बनचे पापुद्रे. ते नीट पसरले तर प्लॅस्टिक पोलादाला भारी पडेल, असं पेनसिल्व्हेनियातल्या त्याच्या लॅबमध्ये सगळे म्हणत. पण मेले पसरतील तर ना! उपम्यातल्या रव्यासारख्या गुठळ्या धरायचे, आणि मशीनवर ताणली की त्या प्लॅस्टिकची पट्टी नेमकी गुठळीपाशी तटकन तुटायची.

फक्त एकदा, दोन वर्षांपूर्वी, एका पट्टीने नेहमीच्या दुप्पट ताण सोसला. तिच्यावर पेपर छापून आला, प्रोफेसर खूश झाले. तिचे तुकडे यतीनच्या बायकोने, नीलांबरीने, देव्हाऱ्यात ठेवले. देवाजवळची वस्तू, म्हणून पुन्हा कुणी हात लावला नाही. आणि तशी दुसरी पट्टी काही केल्या जमेना.

२००८च्या दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी यतीनने जाडी मोजायचा व्हर्नियर घरी आणला. नीलांबरीने त्याला हळदकुंकू वाहिलं. ती निरांजन लावत होती, तेवढ्यात यतीनने सहज म्हणून पट्टीचा तुकडा व्हर्नियरमध्ये धरला, आणि आकडा दोनदा वाचला. पट्टी नेहमीच्या दुप्पट जाड होती. मशीन ताण काढायचं ते आत भरलेल्या जाडीवरून, आणि त्या दिवशी त्यात आधीच्या पट्टीचीच जाडी राहून गेली होती. कसलं ग्राफीन आणि कसलं काय! जाड होती, म्हणून तिने सोसलं.

"यंदा तरी पीएचडी होऊ दे, असं माग," नीलांबरी म्हणाली.

यतीनने तुकडा होता तिथे ठेवला आणि हात जोडले. मागायला काहीच उरलं नव्हतं.