राक्षसाचं मटण

कारंज्याला बसस्टँडजवळ माझ्या ओळखीच्या एकाचं किराणा दुकान आहे. डाळ मोजताना त्याचा एक डोळा काट्यावर असतो आणि दुसरा मोबाइलवरच्या गेमवर. त्या गेममध्ये रानात हिंडून राक्षस पकडायचे आणि त्यांना लढाईसाठी तयार करायचं असतं. तीन शिंगांचा एक पांढरा राक्षस फक्त धुक्यात दिसतो. त्याच्यासाठी हा चार महिने दबा धरून होता. सापडला त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातावर त्याने गुळाचा खडा ठेवला.

पुढच्या बुधवारी साखर आणायला गेलो, तर त्याचं तोंड उतरलेलं.

"राक्षस मटन मांगून राह्यला, सर. फळं देल्ली, तर तोंड नाई लावत. उपाशी राह्यला तर पळून जाईन म्हणते."

याच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही. त्याने रस्त्यावर नजर टाकली आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

"तुमी तर खाता न? मंग तुमीच चारा त्याले."

मी बटण दाबेपर्यंत तो पोत्यांकडे तोंड करून उभा राहिला. मग मोबाइल ओल्या फडक्याने पुसून घेतला आणि हळूच विचारलं, "पोटभर खाल्लं न त्यानं?"

तेव्हापासून दर बुधवारी हे काम माझ्याकडे आहे. राक्षस आता चांगला माजलाय.

डॉक्टरांनी माझं मटण बंद केलं, त्याला सहा महिने झाले. दुकानात मी अजून ते बोललेलो नाही. त्या जनावराला दुसरं कोण आहे?